नेवाळीच्या पट्टीवर अक्का

ठाण्याला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या मिरजेच्या शाळेतल्या बाईंनी मला घेरलं. मुंबई पाहिलीस का, समुद्र पाहिलास का, ट्राममध्ये बसलीस का? यातलं मी काहीच केलं नव्हतं. आठवडाभर राहून मी पाहिलं ते एक तळं, एक खाडी, पांढरीशुभ्र मिठागरं आणि लढाईच्या वेळची एक ओसाड धावपट्टी.

"धावपट्टीवर काय होतं पाहण्यासारखं?"

"मोटारींच्या शर्यती."

"आणि तू काय करत होतीस?"

"मोटारीत बसले होते."

यावर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून सगळं बैजवार लिहून काढते आहे. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली तरी आमच्याकडे मोटार म्हणजे कलेक्टरची, नाहीतर लग्नाची. तेव्हा बाईंचाही दोष नाही.

माझं जाणं काही हौसेचं नव्हतं. माझी थोरली बहीण उषा, आम्ही तिला अक्का म्हणतो, ठाण्याला नौपाड्यात दिलेली. बाळंतपणाला ती माहेरी यायची होती, पण सातव्या महिन्यातच तिथं बाळंत झाली आणि मूल राहिलं नाही. तारेत एवढंच होतं. आई धावत गेली, पंधरा दिवस राहून परत आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "पोर रडत नाही गं. बोलतही नाही. ताटात वाढलं की खाते आणि खिडकीशी जाऊन बसते." संक्रांत झाल्यावर आईनं मला पाठवलं. काम एकच. अक्काला चार-सहा महिन्यांसाठी मिरजेला घेऊन यायचं.

नौपाडा

भाऊजी टांगा घेऊन स्टेशनवर आले होते. अक्काचे यजमान माधवराव, म्हणजे माझे भाऊजी, एका कारखान्याच्या कचेरीत नोकरीला आहेत. उंच, किंचित वाकलेले, बोलण्यात कमालीचे काटकसरी. "प्रवास ठीक झाला ना?" म्हणून विचारलं आणि तळ्याच्या काठानं टांगा जाईपर्यंत दुसरा शब्द नाही. आमच्याकडे पाहुणा आला की गाडीतून उतरायच्या आत त्याच्या घरच्या गाईगुरांचीसुद्धा चौकशी होते. मला वाटलं, एवढ्या मुक्या माणसाबरोबर अक्का मुकी होईल नाहीतर काय!

घर चाळवजा, बैठं, कौलारू. पुढे जांभळीखाली अंगण आणि अंगणात मोटार.

आधी मला ती मोटार आहे हेच कळलं नाही. उंच चाकं, कापडी टप, रंग कुठे काळा, कुठे गंजका, आणि एक दार सुतळीनं बांधलेलं. विसाएक वर्षांपूर्वीची ही अमेरिकन गाडी एका जुन्या वैद्यांच्या गोदामात पडून होती आणि तीत कोंबड्या अंडी घालत होत्या. भाऊजींनी ती ओढून आणली तेव्हा मागच्या सीटखालून तीन अंडी निघाली म्हणे. तेव्हापासून आळीत तिचं नाव 'खुराडं'.

अक्का दारात आली. वाळली होती. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "आलीस मालू? पाय धू." तेवढंच. तिच्या नखांत काळं काहीतरी अडकलेलं दिसलं. मला वाटलं, तवा घासला असेल.

रात्री जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. आमची ज्वारीची भाकरी कशी चावून खायची असते; ही तोंडात जाते कधी आणि विरघळते कधी कळतच नाही. बिरडं मात्र मी दोनदा मागून घेतलं. अक्का वाढत होती, पण आमच्या बोलण्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती देवळात गेली तेव्हा मी भाऊजींना गाठलं. ते गाडीखाली आडवे होते. नुसते पाय दिसत होते. मी पायांशीच बोलले.

"भाऊजी, लहान तोंडी मोठा घास होतोय. पण अक्का अशी झालेली असताना तुम्ही मोटार घेऊन बसलात? आई म्हणते, तिला मिरजेला पाठवा."

पाय हलले नाहीत. मग ते हळूच बाहेर सरकले, उठून बसले, चिंध्यांना हात पुसत राहिले.

"मालती, दीड महिना ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी काय बोलायचं तेही मला कळेना. मग हे धूड आणलं. निदान हाताला काम. एके दिवशी इथंच प्लग साफ करत बसलो होतो. ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'चाकूनं खरवडू नका, पॉलिश पेपरनं घासा.' दीड महिन्यातलं पहिलं वाक्य. मी प्लग तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा दिला. ते संपले तेव्हा साफ झालेले परत मळवून दिले. दुसरं काय करणार होतो?"

तिच्या नखांतलं काळं काय होतं ते मला आत्ता कळलं.

"मिरजेचं तिलाच विचार," ते म्हणाले. "जायचं म्हणाली तर मी स्वतः पोचवीन. पण रविवारी नेवाळीला ये आमच्याबरोबर. त्यानंतर विचार."

मुंब्रा, शीळफाटा आणि पुढे

रविवारी सकाळी निघालो. भाऊजी चालवत होते, अक्का शेजारी, मी मागे सुतळीच्या दाराशी. डबे माझ्या मांडीवर. गाडीला पुढे मागे लाल अक्षराच्या पाट्या बांधलेल्या पाहून मी विचारलं, "हे कशाला?" भाऊजी म्हणाले, "नियम आहे," आणि गप्प झाले.

कळव्याचा जुना दगडी पूल ओलांडला. खाली भरतीचं पाणी, पलीकडे मिठाचे ढीग. आमच्या कृष्णेच्या पुलावरून पाणी एका दिशेला जाताना दिसतं. इथं ते उलटं, समुद्राकडून आत येत होतं. मला ते फार विचित्र वाटलं. अक्का मान वळवून म्हणाली, "दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं." मी आल्यापासून एवढं लांब वाक्य ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

मुंब्र्याला डोंगर अगदी रस्त्यावर येतो. तिथं चढावर खुराड्यानं वाफ सोडली. भाऊजी थांबले, तर त्यांच्याआधी अक्का खाली उतरली. पदर खोचला, फडक्यानं पाण्याच्या टाकीचं झाकण धरलं, तोंड बाजूला करून फिरवलं. फस्सकन पाणी उडालं. तिनं डोळाही मिचकावला नाही. समोरच्या विहिरीवरून मी बादली आणली.

"थंड एकदम ओतू नकोस. इंजिन चालू राहू दे आणि थोडंथोडं," अक्का मला म्हणाली. घरी ताक घुसळताना ज्या सुरात सांगायची त्याच सुरात.

शीळफाट्याला पुण्याचा रस्ता उजवीकडे सोडला आणि आम्ही कल्याणच्या अंगाला वळलो. रस्ता कच्चा झाला. दोन्हीकडे कापलेल्या भाताचे बुडखे आणि त्यांतून उगवलेला हिरवागार वाल. पावसाशिवाय, पाटाशिवाय, नुसत्या जमिनीच्या ओलीवर पीक येतं हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगितलं तर तो मला वेड्यात काढील. डाव्या हाताला लांबवर डोंबिवलीची कौलं दिसत होती. समोर मलंगगडाचा सुळका वर आला आणि मग शेवटपर्यंत समोरच राहिला.

नेवाळीची पट्टी

लढाईच्या दिवसांत सरकारनं इथली शेतं घेऊन विमानांसाठी धावपट्टी केली होती. विमानं गेली, सोल्जर गेले, पट्टी राहिली. भेगांतून गवत उगवलेलं, कडेला गुरं चरताहेत, पण मधून सरळ, लांबलचक, तुळतुळीत. त्या दिवशी तिथं पंधरा-वीस जुन्या मोटारी उभ्या होत्या. कुणाची पितळी दिव्यांची, कुणाची लाकडी आऱ्यांच्या चाकांची. कल्याणच्या छावणीतले एक सिंधी गृहस्थ स्टोव्ह मांडून भजी तळत होते आणि त्यांच्याभोवती मोटारींपेक्षा जास्त गर्दी होती.

हा सगळा खटाटोप रुस्तमजींचा. ठाण्याचे हे पारशी गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले, पांढरी विजार, डोक्याला गोल टोपी. लढाईच्या वेळी सोल्जर याच पट्टीवर फावल्या वेळात दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या करून सरळ पळवत, ते त्यांनी पाहिलं होतं. "ते लोक तेला ड्रॅग बोलते," त्यांनी मला समजावलं. "आपण बोलते जोडी. वळण नाय, घाट नाय. हितून ते लाल ड्रमपर्यंत, पाव मैल. जो पैला तो पैला. पण गाडी कारखान्यातून आली तशीच पायजे. इंजिनमां कोई चालाकी नाय. वीस वर्षांच्या खालची गाडी घेऊन आला तर हूं घरी पाठवते."

आमच्याकडच्या बैलगाड्यांच्या शर्यतीच मला आठवल्या. तीच धूळ, तोच आरडाओरडा, तीच बिनीवर उभी राहिलेली जोडी. फक्त इथं बैलांच्या शेपट्या पिळत नव्हते, आणि हरणाऱ्याला शिव्या न देता भजी देत होते.

चार-पाच जोड्या झाल्या. मग भाऊजींचं नाव आलं. समोर कल्याणचे दामूशेठ, भाताच्या गिरणीचे मालक. गोल पोट, रेशमी सदरा आणि तशीच चकचकीत काळी गाडी.

आणि इथं घोटाळा झाला. जुन्या गाडीला पुढून हँडल मारण्याआधी सुकाणूच्या चाकाखालची एक छोटी दांडी वर सारायची असते. ती तशीच राहिली तर इंजिन उलटा हिसका देतं. भाऊजी हे शंभरदा करत असत. पण त्या वेळी रुस्तमजी त्यांच्याशी बोलत होते, दामूशेठ हाका मारत होते, आणि ते विसरले. त्यांनी हँडल ओढलं, ते ताडकन उलटं फिरलं. काठी मोडल्यासारखा आवाज आला. भाऊजी मनगट पोटाशी धरून खाली बसले.

"अरे डिकरा, आ सूं केला तू!" रुस्तमजी धावले. त्यांनीच दोन लाकडी पट्ट्या लावून आपल्या मफलरनं हात गळ्यात बांधला. हाड गेलं होतं, ते दिसतच होतं. कल्याणचे हाडांचे डॉक्टर रविवारी दुपारीच दवाखाना उघडत.

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता. अक्का त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. तिचाही.

"माधव, तू भजीवाल्याजवळ सावलीमां बस," रुस्तमजी म्हणाले. "गाडी मी दोरी बांधून ठाण्याला पाठवते. जोडी कॅन्सल."

"जोडी होईल," भाऊजी म्हणाले. "ही चालवेल."

मला वाटलं, दुखण्यानं ते बरळताहेत.

"तीन महिने रोज पहाटे माजिवड्याच्या रस्त्यावर चालवतेय ती. शिकाऊ लायसन आहे. पाट्या कुणासाठी बांधल्यात? माझ्यासाठी?"

मी अक्काकडे पाहिलं. आठवडाभर मी रोज सकाळी उठायचे तेव्हा घर रिकामं असायचं आणि ही दोघं देवदर्शनाला गेलीत असं मी समजत होते.

"अहो, भलतंच काय," अक्का पुटपुटली. "तुमचा हात..."

"हात दुपारीच बसायचा आहे. तोवर मी काय करू? तू पळव, मी बघतो."

अडचण निघाली ती दामूशेठकडून. ते वाईट माणूस नव्हते, पण घाबरून गेले होते. "रुस्तमशेठ, बाईमाणसाशी कसली शर्यत? जिंकलो तर लोक हसतील. हरलो तर कल्याणात तोंड दाखवायला जागा नाही."

"तो पछी हळू चालव," रुस्तमजी म्हणाले.

"हळू का म्हणून?" अक्का म्हणाली. ती उभी राहिली होती. "हळू चालवलंत तर मला कळेल."

दामूशेठनी तिच्याकडे पाहिलं, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. अक्कानं नऊवारीचा काष्टा नीट केला, पदर कमरेला घट्ट बांधला, दांडी वर सारली. हँडल रुस्तमजींनी स्वतः मारलं. इंजिन सुरू झालं.

"मालू, तू मागेच बस. ते दार कुणीतरी धरायला हवं."

मी बसले. खरं सांगते, मला उतरायचं होतं.

रुस्तमजींनी पांढरा रुमाल वर धरला, खाली टाकला, आणि खुराडं एक गचका देऊन बंद पडलं. दामूशेठ पुढे निघून गेले. मागे थोडा हशा पिकला. अक्काच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण दामूशेठनी वळून पाहिलं, थांबले आणि गाडी मागे आणून पुन्हा आमच्या शेजारी लावली. "ती जोडी नव्हतीच," ते रुस्तमजींना ओरडून म्हणाले. "पुन्हा रुमाल टाका."

पुन्हा रुमाल पडला. या वेळी आम्ही निघालो.

त्या पाव मैलाचं काय सांगू? वारा तोंडात शिरत होता, टप फडफडत होता, दाराची सुतळी माझ्या तळव्यात रुतली होती. अक्का ओठ दाबून पुढे झुकली होती. दुसरा गिअर टाकताना दात खाल्ल्यासारखा कर्र आवाज झाला आणि तिनं भाऊजींच्या सुरात स्वतःलाच सांगितलं, "घाई नको, पाय पूर्ण दाब." गिअर पडला. काळी गाडी शेजारून पुढे चालली होती. ती पुढे जायची थांबली. मग मला दामूशेठचा खांदा दिसला, मग कान, मग त्यांची घामेजलेली मान. मी ओरडत होते. बैलांना ओरडतात तशी, "हुर्र हुर्र" करून. शाळेतल्या मुलींनी पाहिलं नाही हे बरं.

लाल ड्रम गेला. आम्ही हरलो होतो, जेमतेम बॉनेटभर अंतरानं.

दामूशेठ थांबले. अक्का थांबली नाही. वेग जरा कमी केला, पण पट्टी संपेपर्यंत, जिथं फरशी तुटून वालाचं शेत सुरू होतं तिथपर्यंत ती गेली. तिथं इंजिन धापा टाकून आपणच बंद पडलं. समोर मलंगगड. मागे माणसं मुंग्यांएवढी.

अक्कानं दोन्ही हात चाकावर ठेवले होते. ती उतरेना. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटलं.

"मुलगी होती," ती म्हणाली.



"मला दाखवली नाही. दाखवलं की बाई मन लावून घेते म्हणाले. सुईण मात्र सांगून गेली, डोक्यावर भरपूर जावळ होतं. तेवढंच मला माहीत आहे. यांना तर तेही नाही. हे बाहेर उभे होते. मी त्यांना कधी सांगितलंच नाही."

आणि मग ती रडली. चाकावर कपाळ टेकून, मोठ्यानं, लहानपणी शेवग्यावरून पडली होती तेव्हा रडली होती तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. 

वालात शेंगा तोडणारी एक आगरी बाई हातातलं टाकून जवळ आली. म्हातारी, नाकात मोठी नथ. चांगुणाबाई असं नाव नंतर कळलं. ती गाडीच्या पायरीवर बसली आणि तिनं शेंगांचा ओचा आमच्यापुढे केला. मडक्यात भांबुर्ड्याच्या रानपाल्यात भाजलेल्या, अजून ऊन होत्या. तिकडे त्याला पोपटी म्हणतात.

"खा गो बाय. रडून झाला का भूक लागते."

अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि खरंच एक शेंग सोलली. मग दुसरी. ओव्याच्या वासाचा, धुरकट, गोडसर दाणा. मीही खाल्ल्या.

"हे शेत तुमचं?" मी विचारलं.

"ह्या तर आमचा हायच. ती मोटारी धावतान ना, तो पन आमचाच व्हता. मिलिट्रीनं घेतला." तिनं पट्टीकडे हात केला. "तवा मी पन अशीच आलती, बांधावर बसून रडलू. मंग राह्यला तेवढ्यान वाल पेरला."

ती उठून परत कामाला लागली. अक्का तिच्याकडे बराच वेळ पाहत होती.

"अक्का," मी म्हणाले, "आईनं मला तुला न्यायला पाठवलंय."

"माहीत आहे मला. आलीस त्याच दिवशी कळलं." तिनं नाक ओढलं. "आत्ता नाही येत मी. यांचा हात मोडलाय. आणि यांना एक गोष्ट सांगायची राहिली आहे."

"मग आईला काय सांगू?"

"सांग, अक्काला दुसरा गिअर अजून नीट पडत नाही. तो जमला की येईन. मोटार घेऊन येईन म्हणावं."

मग प्रश्न उरला गाडी सुरू करण्याचा. अक्का चाकावर, म्हणजे हँडल मला मारायचं. ज्यानं भाऊजींचं मनगट मोडलं तेच हँडल! तिनं दांडी वर सारली, दोनदा तपासली आणि खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "अंगठ्यानं विळखा घालू नकोस. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. खालून वर ओढ, खाली ढकलू नकोस." तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. शेताच्या कडेनं मोठा वळसा घेऊन आम्ही परत आलो. भाऊजी भजीवाल्याजवळ बसले नव्हते. गळ्यात हात अडकवून पट्टीच्या मधोमध, आमच्याकडे चालत येत होते. अक्कानं गाडी त्यांच्याजवळ थांबवली. त्यांनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"हरलो," ती म्हणाली.

"पाहिलं मी," ते म्हणाले. "शेवटचे शंभर हात तू त्याला खात होतीस."

दामूशेठनी आम्हाला आपल्या पैशानं भजी खायला घातली आणि ज्याला त्याला सांगत सुटले की बाई थोडक्यात राहिल्या. आता त्यांना कल्याणात तोंड दाखवायला काही अडचण नसावी.

कल्याण, आणि परत

डॉक्टरांनी हाड बसवलं तेव्हा भाऊजींनी हूं की चूं केलं नाही. अक्का आत त्यांच्याजवळ होती. मी बाहेर बाकावर बसले होते. प्लास्टर सुकेपर्यंत त्या दोघांना आतच बसवलं. मधल्या दाराला पडदा होता. अक्काचा हलका आवाज येत होता, शब्द ऐकू येत नव्हते. बाहेर आले तेव्हा भाऊजींचे डोळे लाल होते. कंपाउंडर म्हणाला, "फार दुखलं का साहेब?" ते म्हणाले, "हो. फार."

परतीला अक्कानंच चालवली. भाऊजी शेजारी, मी पुन्हा दाराशी. शीळफाटा, मुंब्रा, सगळं उन्हं कलताना उलट्या क्रमानं आलं. खाडीवर पोचलो तेव्हा सूर्य मिठागरांवर टेकला होता आणि सगळं पाणी तांबडं झालं होतं. आम्ही कळव्याच्या पुलावर शिरलो. मध्यापर्यंत गेलो असू, तर समोरून बस.

पूल अरुंद. बस आणि आम्ही समोरासमोर येऊन थांबलो. बसनं भोंगा वाजवला. अक्कानंही वाजवला. कंडक्टर उतरून आला.

"ओ साहेब, गाडी मागं घ्या."

"मी चालवत नाहीये," भाऊजींनी प्लास्टर दाखवलं.

कंडक्टरनं तेव्हा कुठे चाकावर कोण आहे ते पाहिलं. तो जरा घुटमळला. "बाई, तुम्ही... मग तुम्ही मागं घ्या की."

"मला मागे घेता येत नाही," अक्का म्हणाली.

"म्हणजे काय?"

"अजून शिकले नाही. पुढे नेता येते."

कंडक्टरनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "खरं आहे. ते शिकवायचं राहिलं."

"अहो, पण बसमधे पन्नास माणसं आहेत!"

"मग पन्नास जणांना विचारा, कुणाला येतं का," मी मागून म्हणाले. मिरजेचं पाणी, जाणार कुठे!

बसचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून हे सगळं ऐकत होता. खाकी कपडे, जाड मिशा. त्यानं आमच्या पाट्यांकडे पाहिलं, अक्काच्या नऊवारीकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं. डोकं आत घेतलं, गिअर टाकला, आणि ती एवढी थोरली बस हळूहळू मागे जाऊ लागली.

सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर वाकून पाहत होती. कंडक्टर मागे धावत शिट्ट्या मारत होता. अक्का पहिल्या गिअरमध्ये बसच्या नाकासमोर एकेक वाव पुढे सरकत होती. ड्रायव्हर आणि ती एकमेकांकडे तोंड करून, एक मागे जाणारा आणि एक पुढे येणारी. थोडं पुढे गेल्यावर तिला हसू फुटलं. मग आवरेनाच. चाक सोडता येत नव्हतं, म्हणून डोळे पुसता येईनात, तेव्हा भाऊजींनी धड हातानं आपल्या धोतराच्या सोग्यानं ते पुसले, भर पुलावर, पन्नास माणसांदेखत.

पूल संपला. बस बाजूला होऊन थांबली. ड्रायव्हरनं कपाळाला हात लावून सलाम केला. अक्कानं त्याला भोंगा वाजवून उत्तर दिलं, पाय पूर्ण दाबला, दुसरा गिअर टाकला, आणि तो पहिल्याच झटक्याला पडला.